राधिकाच्या वाटीचे वजन

रिठद, ता. रिसोड, जि. वाशीम
सोमवार, दि. ९ डिसेंबर २०२४

प्रिय राधिकाताई,

स्वप्निलचा नमस्कार. भाऊजींना आणि तुझ्या सासूबाईंनाही सांग. घरी सगळे आहेत. बाबा सकाळपासून मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत आहेत, उद्या पहाटे रिसोडला न्यायच्या आहेत. थंडी बरी पडली आहे. तुझे पाय सुजतात म्हणालीस, तर उशीवर पाय ठेवून झोपत जा.

तू फोनवर म्हणालीस, "स्वप्न्या, डिंकाच्या लाडवाची आईची वाटी म्हंजे किती, थे मले ग्रॅममध्ये लिहून पाठव. इथं सारं पाकिटात भेटते, अन् पाकिटावर वाटी लिहून नसते." मी नुसतं "हो" म्हणून फोन ठेवला, त्याचा राग मानू नकोस. फोनवर आकडे सांगितले की माझे चुकतात, आणि चुकले की दोन दिवस तेच डोक्यात फिरत राहतं. म्हणून पत्र. शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे. दहावी नापास भावाचं पत्र आहे असं तुझ्या सासूबाईंना वाटू नये.

आईचं मौन अजून चालू आहे. बाबांनी तुला सांगितलंच आहे, तू सुखरूप मोकळी होईपर्यंत ती बोलणार नाही आणि फोनही धरणार नाही. त्यामुळे मी विचारतो आणि ती मानेनं हो की नाही ते सांगते. प्रत्येक माप असं विचारून घेतलं आहे, अंदाजानं एकही लिहिलेलं नाही.

आईची वाटी म्हणजे तुझीच वाटी. स्टीलची, बाहेरून ठिपक्याठिपक्यांनी 'चि. राधिका, बारसे, मामाकडून' असं नाव घातलेली. तुझ्या बारशापासून ती लाडवाचं माप आहे आणि दुसऱ्या कुठल्या वाटीनं आईनं कधी लाडू केले नाहीत. ती मी फडक्यात बांधून तौकीरभाईंच्या किराणा दुकानात नेली. आमच्या दुकानातला काटा एकेक ग्रॅम दाखवतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा बसलो.

तौकीरभाईंनी विचारलं, "वाटी कायले आनली रे? इथंच जेवतो का आता?"

मी म्हटलं, "ताईच्या लाडवांचं माप काढून राह्यलो."

"मंग बदाम त्या वरच्या डब्यातले घे. पोरीच्या बाळंतपणाले माप चुकलं तं लोकं मालकाले बोल लावतीन, नोकराले नाई."

रिकामी वाटी ६८ ग्रॅमची आहे, ते वजन आधी काट्यावर शून्य करून घेतलं. तिच्यात काठोकाठ पाणी १५० ग्रॅम मावतं. बदाम मी दहा वेळा भरले आणि दहा वेळा जोखले. कधी ८९ आले, कधी ९५. बदाम आडवे पडले तर जास्त बसतात, उभे राहिले तर मधे जागा सुटते. सरासरी ९२ धर. सातव्या खेपेला तौकीरभाई म्हणाले, "सोनार बी इतका वेळ नाई लावत रे बापा." पण ते काट्याजवळून हलले नाहीत. बाकीचे आकडे त्यांनीच पावतीच्या मागे लिहून घेतले.

खारकेची पूड वाटीला ८८. सुक्या खोबऱ्याचा कीस न दाबता फक्त ४८, म्हणजे खोबऱ्याची वाटी आणि बदामाची वाटी एकच असली तरी वजन निम्मंच भरतं. डिंकाचे खडे १०४. डिंक कच्चाच मोजायचा. तळल्यावर तो फुलून चौपट होतो, तेव्हा मोजलास तर घोळ होईल.

आई एका घाण्याला खोबरं सहा वाट्या घेते, खारीक चार, बदाम दोन, डिंक एक आणि गोडांबी एक. म्हणजे खोबरं २८८ ग्रॅम, खारीक ३५२, बदाम १८४, डिंक १०४. हे सगळं सपाट वाटीनं, भरून वरून तळहात फिरवायचा. गोडांबी मात्र ती शिगेची घेते. वाटीवर टेकडी उभी राहील एवढी. सपाट वाटी ८४ भरते, शिगेची १०३. एकशेतीन लिहून घे. गूळ-तूप आई वाटीनं घेत नाही, ते सासूबाईंच्या हातानं.

पुण्यात गोडांबी कुणाला ठाऊक नाही म्हणालीस. सासूबाईंना सांग, ती बिब्याच्या आतली बी. बिब्याच्या टरफलातलं काळं तेल अंगाला लागलं तर उततं, पण आतला गर चारोळीसारखा गोड असतो आणि बाळंतिणीच्या कंबरेला बळ देतो. आपल्या गोजराबाईनं हाताला राख लावून फोडलेली पाव किलो या पत्रासोबत ट्रॅव्हल्सनं पाठवतो आहे. पण उष्ण असते, १०३ च्या वर एक ग्रॅमही नको.

एक गोष्ट मला उमगली नाही. मी आईसमोर परात घेऊन बसतो आणि "एक" म्हणून पहिली वाटी ओततो. लगेच ती मान हलवते आणि मला ती वाटी परत डब्यात टाकायला लावते. सपाट भरली तरी नाही, शीग ठेवली तरी नाही. सहा वेळा असं झालं. शेवटी मी मनातल्या मनात मोजलं, तेव्हा तिनं चालवून घेतलं. पण चेहऱ्यावरून पसंत पडलेलं दिसलं नाही.

आई कधी निघते असं तू विचारलंस. या महिन्यात तिचं येणं होणार नाही, ताई. प्रवास लांबचा आहे, थंडी आहे, मळा आहे. ही तिन्ही कारणं खरी आहेत. दिवाळीला तू तिला "तुह्या वाटीनं इथं काई समजत नाई आई, डॉक्टर ग्रॅममध्ये इचारते" असं म्हणालीस आणि तिनं फोन बाबांकडे दिला, ते तिनं मनात ठेवलेलं नाही. हेही खरं आहे.

वेळेवर जेव. गोळ्या चुकवू नकोस.

तुझा भाऊ,
स्वप्निल

---

रिठद
शनिवार, दि. २१ डिसेंबर २०२४

प्रिय राधिकाताई,

नमस्कार. घरी सगळे आहेत. बदाम १८४ ग्रॅम घेऊ नका, असा निरोप मी भाऊजींना काल मोबाइलवर पाठवला आहे. तो मिळाला असेलच, पण नुसता आकडा बदलून पाठवणं मला बरं वाटत नाही, कारण लिहायला हवं. चूक माझी आहे.

मागच्या पत्राची नक्कल मी वहीत ठेवली होती. ती आईच्या पुढ्यात धरली. आई सातवी शिकलेली, तुला माहीत आहे, अक्षर लावून लावून वाचते. बदामाच्या ओळीवर थांबली. मग डाव्या हातानं वही ओढून घेतली आणि त्या आकड्यावर नखानं रेघ मारली. मी विचारलं, "कमी झाले?" नाही. "जास्त झाले?" हो. "मंग दोन वाट्या नाई का?" तर दोन बोटं दाखवते, दोनच. मी पुन्हा जोखायला निघालो, तर तिनं माझी बंडी धरून मला खाली बसवलं आणि कोपऱ्यातल्या खलबत्त्याकडे हात केला.

ताई, ती बदाम आधी कुटते आणि मग मोजते. एवढी वर्षं मी तिच्यापुढे बसून बदाम खाल्ले, पण हे कधी पाहिलं नाही.

अख्खे दोन वाट्या बदाम जाडसर कुटले तर अडीच वाट्या होतात. दुकानात करून पाहिलं. जाडसर कुटलेल्या बदामाची वाटी ७४ ग्रॅमची भरते, अगदी बारीक केले तर ६२ ची. वाटी तीच, बदाम तेच. कुटल्यानं वजन वाढत नाही की घटत नाही, फक्त जागा जास्त लागते. तर आईच्या दोन वाट्या म्हणजे १४८ ग्रॅम. माझ्या आकड्यानं ३६ ग्रॅम जास्त गेले असते आणि लाडू वळताना फुटले असते. सासूबाईंनी एक घाणा करून पाहिला असेल आणि तो फुटला असेल, तर त्यांचा हात चुकला असं समजू नका.

गोडांबीवर आईनं रेघ मारली नाही, म्हणजे शीग बरोबर आहे.

आता परवाच्या फोनबद्दल. तू म्हणालीस, "मौन-बिन काई नाई. आई माह्यावर रागावली म्हून बोलत नाई. मी तिच्या वाटीले नाव ठेवलं नं." आणि तू रडायला लागलीस. तेव्हा मी फोन बाबांकडे दिला. ते नंतर बराच वेळ मोटारीचं बटण खालीवर करत उभे होते आणि लाइट तर गेलेली होती.

आई रागावलेली नाही. हे मी तुला कशावर हात ठेवून सांगू ते सांग, मी ठेवतो. तुझी वाटी ती उशाशी घेऊन झोपते. मला दुकानात न्यायची असली की मागून न्यावी लागते आणि संध्याकाळी परत हातात द्यावी लागते. ज्याच्यावर राग असतो त्याची वाटी कुणी उशाशी घेत नाही.

याहून जास्त मला आत्ता लिहिता येत नाही. तू डाव्या कुशीवर झोपत जा असं डॉक्टरांनी सांगितलंय, ते पाळ.

तुझा भाऊ,
स्वप्निल

---

रिठद
गुरुवार, दि. १६ जानेवारी २०२५

प्रिय राधिकाताई,

नमस्कार. मी मामा झालो, हे अजून मोठ्यानं म्हणायची सवय झालेली नाही. बाळाला माझा आणि सगळ्यांचा आशीर्वाद.

या पाकिटावर भाऊजींचं नाव मुद्दाम घातलं आहे. तू पोटभर जेवलेली असशील आणि बाळ झोपलेलं असेल तेव्हाच तुला द्यायला त्यांना सांगितलं आहे. जेवली नसशील तर पत्र बाजूला ठेव, आधी जेव. मी थांबतो.

माझी मागची दोन्ही पत्रं काढून बघ. 'आम्ही सर्व खुशाल आहोत' असं त्यात कुठेही नाही. 'घरी सगळे आहेत' असं लिहिलं आहे. तेवढंच खरं होतं, म्हणून तेवढंच लिहिलं.

आईनं मौन धरलेलं नव्हतं. १७ नोव्हेंबरला, रविवारी, आईला लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. जिवाला धोका नाही. वाशीमच्या डॉक्टरांनी या मंगळवारी पुन्हा तपासून तसं सांगितलं, हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल. पाय बराच सुधारला आहे. काठी धरून अंगणातल्या तुळशीपर्यंत जाते आणि परत येते, तेही सोबत आलेलं तिला चालत नाही. हात हळूहळू येतो आहे. डॉक्टरांनी व्यायाम दिला आहे, उजव्या हाताच्या चिमटीनं एकेक शेंगदाणा उचलून दुसऱ्या भांड्यात टाकायचा. पहिल्या आठवड्यात एकही उचलला जात नव्हता. काल पाच मिनिटांत एकोणीस झाले. मी वहीत लिहून ठेवतो.

तुला सांगायचं नाही असं बाबांनी ठरवलं. "तिचं पयलं लेकरू सातव्या महिन्यात गेलं, आता तिले असं काई सांगू नोको. मोकळी होऊ दे पोरगी." भाऊजींनाही पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांना आम्ही शपथ घातली होती. मौनाची गोष्ट मीच काढली. आई नवसाची आहे, तुला पटेल असं वाटलं. पण ती तुझ्यावर रागावली असं तू धरून बसशील, हे मला सुचलं नाही. तू फोनवर रडलीस त्या दिवशी मला वाटलं, सांगून टाकावं. पण नववा महिना होता.

आता त्या रविवारचं. हे बाबांनाही मी पूर्ण सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर एके दिवशी आई मला म्हणाली, "स्वप्न्या, तुह्या दुकानातला काटा येकदा घरी आन. मले ग्रॅम शिकव. राधिका खरं बोलते, तिच्या डॉक्टरनीले माही वाटी कशी समजन?" रागावलेली आई अशी बोलत नाही, ताई. तौकीरभाईंकडून मी दुकानातला लहान काटा रविवारपुरता मागून आणला. सकाळी दहाला आम्ही ओट्यावर बसलो. आदल्या दिवशी तिनं गोजराबाईसोबत बसून बिबे फोडले होते आणि तिच्या बोटांवर काळे डाग होते. ती काट्याचे आकडे वाचायची आणि हसायची. म्हणाली, "हे तं लयच काटेकोर आहे बापा, तुह्यासारखं." मग साडेदहाला तिनं बदामाची वाटी उचलली आणि ती हातातून निसटली. बदाम ओटाभर झाले.

ती म्हणाली, "हात बधिर झाला रे."

आपल्याकडे बिबा फोडल्यावर हात बधिर झाला, चरचरला, तर कुणी घाबरतं का? खोबरेल लावतात आणि बसतात. मीही तेच म्हटलं. "बिब्याचं तेल लागलं असन. थोडा वेळ पड, उतरन." तिच्या हाताला खोबरेल लावलं, तिला आत नेऊन निजवलं आणि बाहेर येऊन बदाम गोळा करत बसलो. ते आधी जोखलेले होते, ९१ ग्रॅम. गोळा केलेले जोखले तर ८९ भरले. दोन बदाम कमी होते. मी ते दोन बदाम शोधत राहिलो, ताई. पोत्यांमागे, जात्याखाली, सगळीकडे. एक सापडला. आत गेलो तेव्हा पावणेएक वाजायला पाच मिनिटं होती आणि आईचं तोंड उजवीकडे ओघळलेलं होतं. ती मला काहीतरी सांगत होती आणि त्याला शब्द नव्हते.

वाशीमला डॉक्टरांनी विचारलं, "केव्हापासून?" मी वेळ सांगितली. ते म्हणाले, "लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं." मग पुढच्या पेशंटकडे गेले.

मी तिला 'थोडा वेळ' म्हटलं होतं. तो थोडा वेळ दोन तास दहा मिनिटांचा होता. तुझ्या लाडवांचं प्रत्येक माप मी दहा दहा वेळा का जोखलं, ते आता तुला कळलं असेल. आयुष्यात एकदाच अंदाजानं बोललो.

तू काय म्हणशील ते म्हण. मी ऐकेन. पण पुढचंही वाच, ते चांगलं आहे.

२९ डिसेंबरला, रविवारी, गोजराबाई नवी गोडांबी घेऊन आली. ती आईशी पूर्वीसारखीच बोलते, आवाज बारीक करत नाही. दारातूनच म्हणाली, "काहून वं शीला, अजून खाटेवरच? पोरगं बिचारं भाकरी थापून राह्यलं अन् तू राणीवानी बसून राह्यली." आई हसली, अर्ध्या तोंडानं. गोजराबाई खाटेजवळ फतकल मारून बसली आणि म्हणाली, "स्वप्न्या, परात आन. अन् थे राधिकेची वाटी आन. तुह्या काट्यावर माहा भरवसा नाई."

तिनं शिगेची वाटी भरली, परातीत ओतली आणि म्हणाली, "लाभ."

तिथंच तिला खोकला लागला. पदर तोंडाला लावून ती खोकत बसली, वाटी रिकामी हातात. आणि खाटेवरून आवाज आला:

"दोन."

मी चूल पेटवत होतो. गोजराबाईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग तिनं घाईघाईनं दुसरी वाटी भरून ओतली आणि थांबली.

"तीन," आई म्हणाली. जाड, पण स्पष्ट.

ताई, खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात आणि मग दोन, तीन. आई तसंच मोजायची. लहानपणी आपण दोघं त्यावरून तिला हसायचो, आठवतं? मी काट्यावरचा माणूस झालो. काटा शून्यापासून सुरू होतो. मी तिच्यासमोर सहा वेळा 'एक' म्हणून पहिली वाटी ओतली आणि सहाही वेळा तिनं ती परत टाकायला लावली. तुझ्या लाडवांचं पहिलं माप लाभाशिवाय पडू नये, एवढंच ती सांगत होती. आणि मी तिला सपाट की शीग ते विचारत होतो.

गोजराबाईजवळ गोडांबी चारच वाट्या होती. ती संपली की तिनं परात डब्यात रिकामी करायची आणि पुन्हा सुरू करायचं. "लाभ," ती म्हणायची आणि आई पुढचं म्हणायची. तीच गोडांबी अकरा वेळा मोजली. बाबा मळ्यातून आले आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. गोजराबाई त्यांना म्हणाली, "दौलतराव, उभे काहून? बसा, मोजनी चालू हाये." ते उंबऱ्यावरच बसले, चिखलाच्या पायांनी.

बाकीचे शब्द अजून आलेले नाहीत. पाठ असलेलं कधी कधी आधी परत येतं, असं डॉक्टर म्हणाले. मी आता दुकानातून आल्यावर रोज मोजायला बसतो. कधी शेंगदाणे, कधी हरभरे. लाभ मी म्हणतो. आता ती नऊपर्यंत जाते आणि दहाला अडकते. अडकली की वैतागून वाटी माझ्या अंगावर फेकते, डाव्या हातानं, नेम चांगला आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. ४ तारखेला भाऊजींचा फोन आला, मुलगी झाली, दोन किलो सहाशे चाळीस. मी आईच्या कानाशी जाऊन सांगितलं. तिला आनंद झाला, डोळ्यांतून पाणी आलं, पण मग ती माझ्याकडे बघत राहिली. मला कळलं, किलोत सांगितलेलं बाळ तिच्या डोळ्यांपुढे उभं राहत नाही. मी घरचे शेंगदाणे घेतले आणि तुझ्या वाटीनं मोजले. सत्तावीस वाट्या आणि अठ्ठाविसावी काठाला जरा कमी. ते उशीच्या अभ्र्यात भरले. बाळासाठी तिनं आजारपणाच्या आधी दुपटं शिवून ठेवलं होतं, निळ्या पातळाचं. त्यात तो अभ्रा गुंडाळला आणि आईच्या डाव्या हातावर ठेवला. डोक्याची बाजू तिच्या कोपराकडे.

तिनं ते जोखलं. काट्यानं नाही, हातानं. जरा वर, जरा खाली. मग छातीशी घेतलं आणि हलवत बसली. बऱ्याच वेळानं तिनं दुपट्याचं टोक सोडलं, आत हात घातला, दोन शेंगदाणे काढून तोंडात टाकले आणि पुन्हा टोक खोचून ठेवलं. बाबा म्हणाले, "नात खाऊन राह्यली का वं?" ते हसले, ताई. त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

तुझी वाटी मी आता पुण्याला पाठवणार नाही, मागू नकोस. तिचे सगळे ग्रॅम तुझ्याकडे आहेत, सासूबाईंचं अडणार नाही. इकडे तिचं काम आहे.

येत्या रविवारी, १९ तारखेला, दुपारी बारा वाजता मी फोन लावीन. फोन आईजवळ ठेवीन आणि परात पुढे घेईन. तू काही विचारू नकोस, रडलीस तरी हळू रड. मी वाटी ओतल्याचा आवाज येईल, तेव्हा तू 'लाभ' म्हण आणि थांब. लगेच आवाज आला नाही तरी फोन ठेवू नकोस. या वेळी मीही फोन बाबांकडे देणार नाही.

पुढचं आई म्हणेल.

तुझा,
स्वप्निल